टबातली दलदल

लेक फोनवर विचारते, "दिवसभर काय करतेस, आई?"
म्हणते, माशा मारते.
ती हसते. तिला वाटतं, म्हातारी थट्टा करतेय.

हार्म आजारी पडला त्या वर्षी न्हाणीघरातला टब काढला,
पाय उचलून आत जाता येईना त्याला.
मागच्या अंगणात तसाच पडून राहिला,
पांढरा, जड, एका कडेला टवका उडालेला.
हार्म गेला. टब न्यायला कोणी आलं नाही.

मग मी त्यात पीट भरलं,
दलदलीची काळी माती, तीन पोती, लाटव्हियाहून आलेली.
पैसे मोजताना आजोबा आठवले.
याच गावची दलदल त्यांनी फावड्याने कापली,
विटा पाडून वाळवल्या, होडीतून शहरांच्या चुलींकडे धाडल्या,
दलदल संपेपर्यंत.
त्यांची नात आता तीच माती विकत घेते,
पोत्यामागे अकरा युरो.

घटपर्णीला नळाचं पाणी चालत नाही. पावसाचंच हवं.
खत तर विषच.
मी इस्पितळात होते तेव्हा शेजारच्या योरिटने
जीव लावून चमचाभर खत घातलं, रोज.
परत आले तर दोन गड्डे काळे पडलेले.
"गेसका, मी तर पोटभर घालत होतो," म्हणाला.
मी काही बोलले नाही.
हार्म गेल्यावर अख्ख्या गल्लीने मलाही सूप आणून दिलं होतं,
डबे धुऊन परत करता करता मी वाळले.

एप्रिलात आधी फूल येतं,
उंच देठावर, खाली मान घातलेलं.
भुंगे येतात, जातात, सुखरूप.
मग कुठे घट उघडतात,
ओठावर मधाचं बोट,
आत फक्त उतरता जिना.

ऑगस्टच्या रात्री खिडकी उघडी ठेवून झोपते.
एखादी गांधीलमाशी आत अडकलेली असते.
तिचा आवाज चढतो, थांबतो.
मी मोजते.
पुन्हा चढतो.
शेवटच्या आठवड्यात हार्मचा श्वास असाच मोजायचे.
एकदा राहवेना. उठले, बॅटरी घेतली, कात्रीने घट चिरला.
ती बाहेर पडली, ओलीचिंब,
आणि पहिलं काम काय केलं, तर मला डसली.
सकाळी बोट इतकं सुजलं
की लग्नाची अंगठी एम्मेनच्या सोनाराने
पक्कडीने कापून काढली.

जानेवारीत टब गोठतो. घट तपकिरी, आडवे.
"घरात आण गं त्यांना, मरतील," लेक म्हणते.
नाही मरत. निजायला थंडीच लागते त्यांना.
मी रोज सकाळी जाते फक्त,
चमच्याच्या दांड्याने बर्फावर दोनदा वाजवते.
तसं कारण काही नाही.

अंगठी कोटाच्या खिशात आहे अजून.
डाग देऊन घ्यायची राहिलीय.