निव्वळ वजन

हैदराबाद रोडच्या वजनकाट्यावर
एकवीस वर्षं बसतोय मी.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
पावतीखाली सही: व्यं. न. दासरी.

काल रात्री अडीचला सफरचंदं आली.
आधी महिनाभर जहाजात,
मग मुंद्रा बंदरापासून तीन दिवस ह्या ट्रकात.
ड्रायव्हरचे डोळे भट्टीसारखे.
फुटक्या पेटीतली दोन माझ्या हातावर ठेवून
म्हणाला, "घ्या चाचा, विलायती आहेत."
गार. मेणाची लकाकी.
वास घेऊन बघितला,
पुठ्ठ्याचा आला.

इंजिन बंद करा म्हटलं तर म्हणाला,
मागची थंडीची मशीन चालू ठेवावी लागते,
नाहीतर माल बसतो.
तो गेल्यावर तासभर
केबिनमध्ये डिझेल बसून होतं माझ्याशेजारी.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं
हे मला कुणी शिकवलं नाही.

सकाळी ड्यूटी सुटली की जोडबसवण्णा चौक.
मुस्तीच्या पहिल्या एसटीनं महानंदा बिराजदार उतरते,
गोणपाटात तांदुळजा, चुका, घोळ,
मूठभर शेपू, कोवळी दोडकी.
पहाटे खुडलेलं.
देठाला अजून पाणी सुटलेलं.
"फवारलंय का गं?"
"वांग्याला दोनदा मारलंय, खोटं कशाला बोलू.
पाल्याला नाही. पाला आम्हीपण खातोय की हो."

मी वांगी परत ठेवली.
ती हसली, रागावली नाही.
घरी येता येता वाटलं,
सफरचंदाला हे विचारताच आलं नसतं.
कुणाला विचारणार? चिकटपत्रावरच्या
चार आकड्यांना?

माझी साखर दोनशे चाळीस.
डॉक्टरनी कागदावर लिहून दिलं: भात कमी, ज्वारी.
मी तो कागद बायकोला दाखवला
आणि दोघंही खूप वेळ हसलो.
साखर पेठेत यंत्रमागाच्या खडखडाटात
माझी आई रोज थापायची तीच ती, जोन्न रोट्टे.
घरात चार पैसे आले
तसा आम्ही बारीक तांदूळ आणला, मैदा आणला,
आणि तिला म्हणालो, आता पुरे गं अम्मा,
गरिबांचं खाणं.
आता तेच औषधाच्या चिठ्ठीवर,
दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी.

शाळू महानंदाच्या दिराचा.
पाऊस गेल्यावर पेरतात,
जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि थंडीवर येतो.
तो पन्नास किलो पोतं स्कूटरवर टाकून आणतो.
मुस्ती ते आमची गल्ली:
बोलत बोलत येण्याइतकं अंतर.

मला कविता जमत नाही, हिशोब जमतो.
म्हणून काल एका जुन्या पावतीच्या पाठीवर मांडून बघितला.
सफरचंद दोनशे ग्रॅम.
ते आणायला जळालेलं तेल किती,
हे काही सुटलं नाही. खोडलं.
खाली लिहिलं, तांदुळजा, एक जुडी, दहा रुपये,
वर कढीपत्त्याची काडी फुकट.

नात श्रीजा सफरचंदाचं चिकटपत्र काढून
फ्रिजच्या दारावर लावते.
तिच्याकडे सहा देश झालेत.
"आजोबा, ह्या भाजीचं स्टिकर कुठंय?"
मी तिला मोरीपाशी नेलं.
पातेल्यात तांदुळजा बुडवला, हलवला,
वर काढला.
तळाशी काळी माती बसली, सावकाश,
आमच्या काट्यावरचा आकडा स्थिर व्हावा तशी.

"हे," मी म्हटलं.
तिनं बोट बुडवून बघितलं
आणि फ्रिजच्या दारावर, सहा देशांच्या खाली,
काळा ठिपका उमटवला.

बायको ओरडली दोघांवर.
ठिपका अजून आहे.
पातेल्यातलं पाणी मी गच्चीवरच्या डब्यात,
शेवंतीला ओतलं.
भाजीबरोबर वजनात आलेली माती,
महानंदाला सांगू नका,
तिचे पैसे मी हिशोबात धरलेले नाहीत.