सत्तावीस अंश

बेचाळीस वर्षं मी जमिनी मोजल्या
औलूच्या उत्तरेला, जिथे गाव संपून दलदल लागते.
मी खुंटी ठोकली की भावाभावांचं भांडण मिटायचं.
मापात पाप केलं नाही कधी.

आता टीव्हीखालचा मधला स्पीकर मोजतोय.

आमच्याच भाषेतली मालिका, खाली अक्षरं येत नाहीत.
इर्मेली विचारते, "काय म्हणाला तो?"
मी सांगतो.
तेवढ्यात पुढचं वाक्य दोघांच्याही हातून जातं.
मुलगा म्हणाला, आईचे कान तपासा.
तपासले. ठणठणीत.

मग दुकानातून तीन स्पीकर आणले, आठवड्याच्या बोलीवर.
दुकानदार म्हणाला, कान सांगतील तो ठेवा.
कुणाचे कान, ते त्याने विचारलं नाही.

शनिवारी वारा पडला. उणे अकरा.
अंगणात शिडी, शिडीवर पावाची फिरती थाळी,
थाळीवर आधी आमचा जुना स्पीकर,
दोन मीटरवर माइक, त्याला माझा लोकरी मोजा.
(मोजा, म्हटलं, आता तूच मोज.)
दर दहा अंशांनी थाळी फिरवायची.
शिटी घुबडाच्या आवाजात सुरू होते,
टाचणीच्या टोकावर संपते.
बर्फ सगळं पिऊन टाकतो, परत काही येत नाही.
शेजारच्या लेम्पीने पडदा सारला, पाहिलं,
पुन्हा ओढून घेतला.

जुना समोरून सपाट, गोठलेल्या तळ्यासारखा.
वीस अंशांवर खचू लागला.
तिसावर, दोन हजार हर्ट्झच्या आसपास,
सरळ विहीर.
दोन तोंडं शेजारी शेजारी, एकच शब्द बोलणारी;
बाजूला बसलेल्याला एकाचा शब्द अर्धं पाऊल उशिरा पोचतो
आणि दोघे मिळून तो पुसून टाकतात.

घरात आलो. बूटही काढले नाहीत.
टेप लावली सोफ्याला.
माझी जागा: शून्य.
तिची, विणकामाच्या दिव्यापाशी: सत्तावीस.
सोळा वर्षं.

म्हटलं, जागा बदलू.
म्हणाली, दिवा इथे आहे. आणि बूट काढ.

आणलेल्यांतला देखणा होता तो परत केला.
दुसराही, त्याचीही विहीर होतीच, जरा उथळ.
तिसरा ठेवला: बुटका, जाड,
तोंडं एकावर एक, उतरंडीसारखी.
शून्यावर त्याला एक टेंगूळ आहे, मला खुपतं.
सत्तावीसवर एक डेसिबलही सांडत नाही.
फळीत मावेना, फळी कापली.

रविवारी मालिका लागली.
मी प्रश्नाची वाट पाहत बसलो.
सुया चालू होत्या.
विसाव्या मिनिटाला ती म्हणाली,
"किती टुकार बोलतो गं बाई हा इन्स्पेक्टर!
तू सांगायचास तेव्हा बरा असायचा."

मी आवाज एक घर कमी केला.
"राहू दे," म्हणाली, "ऐकू येतंय."