दीड किलो

शर्टाच्या मानेवरची पट्टी उसवताना
झिद्रा दोऱ्याचं टोकही ठेवत नाही.
मोजे उलटे, शिवण बाहेर.
कानांवर बापाचे गोदीतले इअरमफ, पट्टा दुमडून;
लिएपायाची ट्राम वळणावर किंचाळते.

मांडीवर बकव्हीटची पिशवी, दीड किलो.
एवढ्यावर राइनिस जागेवर राहतो,
समुद्राच्या वाऱ्यात
दगडाखाली ठेवलेल्या पेपरासारखा.

आज पिशवी घरीच राहिली.
तिसऱ्या थांब्याला त्याचे हात फडफडू लागले.
तिनं पर्स ठेवली, छत्री, बटाटे,
मग स्वतःचा तळवा, दाबून.

समोरच्या म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही.
ओव्हरकोट काढला,
खरखरीत बाजू आत घेऊन घडी घातली,
अस्तर खाली करून मांडीवर ठेवला.

"जड आहे हं," तो म्हणाला.

"अजून," राइनिस म्हणाला.