कपाचा कान

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे,
पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या मालिकेचं घर होतं:
प्लायवूडच्या तीन भिंती, चौथीच्या जागी कॅमेरा.
तिथं मी दोनशे बारा भाग
वत्सलाकाकूच्या तोंडी विष लिहिलं.
बरं चाललं होतं.

पुढच्या भागात कागदावर एवढंच होतं:
काकू सुनेसमोर कप आदळते.
मृणालताईंनी कप ठेवला
आणि एका बोटानं फिरवला हळूच,
कान तिच्याकडे येईल असा.
चहा खरोखरच कढत होता,
आणि सून झालेली नूपुर सकाळपासून तापानं फणफणलेली.
दिग्दर्शक कट म्हणायचा राहिला.

त्या रात्री काकूला दागिने लपवायचे होते.
लपवेचना.
विषाची बाटली दिली हातात,
तर ती तारीख बघत बसली.
जी बाई कपाचा कान फिरवते
तिच्यापुढे कुणीतरी, कधीतरी
असाच फिरवलेला असणार.
कुणी?
मग तिचं माहेर लिहावं लागलं,
त्यात एक मुकी आत्या,
तापला पेला पदरात धरून देणारी.

चॅनेलचा फोन आला: काकू मऊ पडतेय.
आकडेही पडले.
एप्रिलात तिला जिन्यावरून ढकललं.
मीच लिहिलं तेही.

परवा पातलीपाड्याला टपरीवर थांबलो.
काचेचा ग्लास. त्याला कुठला कान.
चहावाल्यानं कागदाची घडी गुंडाळली त्याला,
न बघताच म्हणाला,
वरून धरा. खाली पोळतं.