साडेसत्तावीस मोर

कार्ड उघडलं तर पंख्यात कापूस.
धूळ म्हणावी तर तशी नव्हे,
खालच्या कारखान्यातल्या टॉवेलांचा पांढरा, गुलाबी,
मागच्या दिवाळीच्या ऑर्डरीतला पोपटीसुद्धा,
थरावर थर, बोटाएवढा जाड.
आठ वर्षं हे बिचारं
माझ्याबरोबर हीच हवा ओढत होतं.

बाहेर त्रेचाळीस. आत, कार्डावर, एक्क्याऐंशी.
दोन्ही आकडे मी रोज बघते.
एकाचं काही करता येत नाही.

नवी पेठेतला रेवणसिद्ध म्हणाला, ताई, नवंच घ्या की,
बावीस हजार.
मग पेनाचं टोपण चावत,
पण पॉवर सप्लाय पुरणार नाही बघा.
आणि प्रोसेसर म्हातारा,
तो नव्या कार्डाला मागं ओढणार.
म्हणजे प्रोसेसर. म्हणजे बोर्ड. म्हणजे रॅम.
कागद उलटा करून त्यानं बेरीज पुढं नेली.

अप्पांच्या मागाचं असंच झालं होतं.
धोटा नवा आणला तर पिकर कुरकुरला,
पिकर बदलला तर मोटर.
शेवटी जुनं काय उरलं, तर
अप्पा शर्ट अडकवायचे तो भिंतीतला खिळा.

बावीस हजार भागिले आठशे.
टॉवेलच्या एका डिझाईनचे मला आठशे मिळतात.
साडेसत्तावीस.
सत्तावीस मोर पिसाऱ्यासकट
आणि एक नुसता मानेपर्यंत.

डिझाईनला कार्ड लागत नाही, ठाऊक आहे मला.
चौकटी तर रंगवायच्या.
कार्ड लागतं रात्री साडेदहानंतर,
खालचे माग थांबतात,
कानात शांतता दुखायला लागते
आणि हेडफोनमध्ये तौफिक पुण्याहून खाकरतो,
"आलीस का बे?"
मला बे म्हणणारा आता तो एकटाच.
त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, हप्त्याचं घर झालं,
तरी पुलापलीकडच्या त्या पडक्या गावात
अजून तो माझी पाठ राखतो.

आता त्याला नवा गेम हवाय.
पाण्यात ढग दिसतात म्हणे.
घे की बे कार्ड, किती दिवस झालं सांगतोय.
एकदा मी उघडून पाहिला.
डोंगर आले, सावकाश,
भिंतीला पोपडे धरावेत तसे.
तौफिक पळत होता तुकड्यातुकड्यानं,
इथं होता, मग एकदम तिथं.
मधलं मला दिसलंच नाही.

रविवारी जुना टूथब्रश घेऊन बसले.
कापूस शेंगाचटणीच्या रिकाम्या डबीत भरला,
कशाला ते विचारू नका.
चिपवर नवी पेस्ट, दीडशे रुपये.
मग सेटिंग्ज:
गवत कमी. पाणी साधं, बिनढगांचं.
सावल्या, बंद.
मे महिन्यात सोलापुरात बसून
सावल्या बंद करताना
हात माऊसवर जरा थांबला.

एक्क्याऐंशीचे अडुसष्ट झाले.

"घेतलंस?" रात्री तौफिक.
बघते, म्हटलं.
"मग आज तुझ्यामागं ती गिरणी कशी नाही बे?"
पंखा धुतला, म्हटलं.
तो हसला, आणि लहान मुलीचं रडणं ऐकू आलं,
आणि तो थांब म्हणून गेला.
मी त्याच्या उभ्या पुतळ्याशेजारी
बंदूक धरून वीस मिनिटं थांबले.
दोघांचीही सावली पडत नव्हती.

रेवणसिद्धचा कागद कीबोर्डखाली आहे.
आज सकाळी एक मोर सुरू केला.
कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.