चेकरची वही

एकतीस वर्षं मी टॉवेल तपासले,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, उजेडाच्या टेबलावर,
मीटरमागून मीटर. तेलाचा डाग, तुटका ताणा,
सुटलेला पिक. खडूची खूण, आणि पुढे.
(पिक म्हणजे आमच्याकडे आडवा धागा.
अंबादासकडे तो प्लास्टिकचा तुकडा, तार छेडायचा.)
अंबादास मेरगू पुन्हा वाजवणार म्हटल्यावर
मी खिशात वही घालूनच गेलो.

रेल्वे लाईन्समधला हॉल. खुर्च्या लग्नाच्या मंडपातल्या,
पाठीवर मंडपवाल्याचा नंबर.
पडद्यावर थर्माकोल: द शटल्स, चौतीस वर्षांनंतर.
'ल्स' सारखा निखळायचा,
विल्सनची नात उठून तो दाबून बसवायची.
पुढच्या रांगेत बायका तेलुगूत बोलत होत्या
साखरेबद्दल, रक्तातल्या.

अंबादास आला. शर्ट इन केलेला,
वाचायचा चष्मा दोरीनं गळ्यात.
गिटार तीच, लाल. पट्ट्याला आतून
टॉवेलची घडी शिवलेली, खांद्याला रुतू नये म्हणून.
माल आमच्याच कारखान्याचा, किनार ओळखली मी.

पहिल्या गाण्यात दोन चुका.
दुसऱ्यात एक, पण ती विल्सनची,
अंबादासच्या नावावर नाही लिहिली. इतका न्याय मी पाळतो.
तिसऱ्यात तो सोलो.
ज्याच्यासाठी एकोणनव्वदच्या डिसेंबरात
पार्क मैदानाच्या भिंतीवर चढताना माझी पँट फाटली.
एका दमात वर जाणारे ते सूर
माझ्याकडे कॅसेटवर आहेत,
थोरल्या भावाच्या मंगलाष्टका पुसून भरलेले.

आज तो वर गेलाच नाही.
अर्ध्यावर थांबला, एका सुरावर बोट टेकवून.
बोट थरथरत होतं.
मुद्दाम की वयानं, ते कळायला
तिथं माझ्या टेबलाचा उजेड नव्हता.
मग तीन सूर. साधे, शिकाऊ पोरालाही येतील असे,
आणि त्यांच्यामध्ये एवढी जागा
की पंखा ऐकू आला,
यार्डात डब्याला डबा लागल्याचा ठोका ऐकू आला.
साखरवाल्या बायका गप्प झाल्या होत्या.
मी लिहिलं: सुटलेले पिक, अकरा.
पेन्सिल दाबून.

नंतर चहाच्या गाड्यावर तो आला,
ग्लासावर बोटं शेकत.
"कसं झालं बे? तू सांग. तुला खोटं बोलता येत नाही."
म्हटलं, त्या एका सोलोत अकरा चुका.
"अकरा?" तो हसला. "मी चौदा मोजल्या."
तेवढ्यात जावयानं हॉर्न दिला.

रात्री कॅसेट लावली.
नातवाच्या फोनमध्ये सूर मोजायची सोय आहे, तो समोर धरला.
जाड तार मोकळी वाजते तिथं 'ई' हवा.
फोन म्हणाला, 'जी'.
पुन्हा लावली. पुन्हा 'जी'.
मग आठवलं, त्या रात्री भिंतीवर
माझ्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले होते.
फीत रेंगाळत भरली गेली,
आणि घरच्या विजेवर आयुष्यभर धावत राहिली.
मुश्ताकचा आवाज त्यात पोरीसारखा का,
एवढं तरी मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

म्हणजे चौतीस वर्षं मी ज्या अंबादासची शपथ घेतली,
टपरीवर भांडलो, पुण्याच्या पोरांना खाली पाहायला लावलं,
तो एवढ्या वेगानं कधी वाजवतच नव्हता.

वही उघडली. अकरा खोडावेत असं वाटलं.
नाही खोडले. धागा सुटला तो सुटला.
शेवटचा रकाना: पास, सेकंड, रद्द.
सेकंडचा माल आम्ही फाटकापाशी निम्म्या दरात विकायचो.
माझ्या घरात दुसरा टॉवेल आलेला नाही,
दोन बाळंतपणं त्याच्यावर निघाली.

रकाना अजून कोरा आहे.
सकाळी फोन करून आधी अंबादासला विचारायचं,
मला न दिसलेल्या त्या तीन कुठल्या.