कुटार

फाट्यावरच्या निवाऱ्याच्या भिंतीवर
माझा ईमेलचा पत्ता रंगवलाय वसंता पेंटरनं.
वर गुटख्याची पुडी, खाली बोअरवेलवाल्याचा नंबर.
मधे मी: मजुरीचं, मारझोडीचं, काहीही लिहा.
आणि त्याखाली चाळीस आकडे-अक्षरं,
कुणालाच न वाचता येणारी.
बाया विचारतात, हा कोनता मंतर व बाई?

भाच्यानं आणला नागपूरहून.
म्हणाला, मावशे, ही उघडी कुलपं समज.
वाटत सुट. ज्याला गुपित सांगायचं
तो दाबून बंद करेल, किल्ली फक्त तुझ्यापाशी.
वाटेत कुणी पत्र फोडलं तर हाती नुसतं लोखंड.
मला पटलं.
ठेकेदाराचा मेव्हणा टॉवरच्या कंपनीत आहे.

वसंतानं एका शून्याचा 'ओ' केला होता.
आठ महिने कुणाचंच कुलूप लागलं नाही
आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही,
माझ्याही.

मधल्या काळात चाळण बसवली,
कारण रोज दोनशे यायची:
लॉटरी लागली, कर्ज मंजूर, केस उगवतील,
एक परदेशी विधवा
तिचं सोनं मलाच देऊ बघणारी.
चाळण ते सगळं एका कप्प्यात लोटते.
भाचा म्हणतो स्पॅम. मी म्हणते कुटार,
तूर झोडल्यावर उरतं ते.

दिवाळीनंतर शून्य दुरुस्त झालं
आणि कुलपातलं पहिलं पत्र आलं.
चाळणीला आतलं दिसेना, तिनं वाट दिली.
मी हात धुऊन बसले, किल्ली फिरवली.
आत दोन ओळींची शिवी.
अख्ख्या तालुक्यात कुलूप लावायला शिकला
तो एकटाच.

भाचा म्हणाला, मग ओळखीच्यांचंच घे.
यादी कर, बाकीच्यांना फाटक बंद.
रात्री बसून यादी केली. बावीस नावं झाली.
या बावीस जणांना
माझं दार हातानं वाजवता येतं.
भिंत रंगवली होती ती तेविसाव्यासाठी.

पौषात खळ्यावर कोंबड्या बघत होते.
कुटाराच्या ढिगात नखांनी उकरतात,
रिकाम्या चोचीनं परतत नाहीत.
मग मीही उकरलं.
एकोणीस दिवस खाली, दोन लॉटऱ्यांच्या मधे,
इंग्रजी अक्षरांत मोडकी मराठी:
तातडी. पैसे अडकले. मदत करा.
संत्रातोडणीची टोळी, धारणीकडली,
अकरा जण बागेच्या गोदामात.
फोन ट्रकवाल्याचा. नाव नाही.
कुलूप तर नाहीच.

चाळणीवर कशी चिडू?
पैसे, तातडी, मदत,
चोर हेच तीन शब्द वापरतात,
कारण अडलेल्याकडे हेच तीन असतात.

बाग सापडली. टोळी नव्हती.
गोदामाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा,
दिवसाला एक असावी.
शेवटच्या दोन आडव्या.
त्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

ट्रकवाल्याला लिहिलं, तीनदा.
मी कोण, कुठली, कशासाठी विचारते,
तातडीचं आहे, मदत करा.
उत्तर नाही.
भाचा हळूच म्हणाला, मावशे,
तूही त्याच्या कुटारात गेली असशील.

कुलूप ठेवलंय. चाळणही ठेवलीय.
रोज दिवेलागणीला कुटार उकरते,
विधवेच्या सोन्यासकट सगळं.
वसंताकडून एक ओळ वाढवून घेतली:
कुलूप जमत नसेल तर तसंच लिहा.
उशिरा वाचेन. पण वाचेन.

जागा पुरली नाही.
बोअरवेलवाल्याचा शेवटचा आकडा झाकला गेला.
तो दुसऱ्याच दिवशी दारात, तावातावानं,
नवं गिऱ्हाईक मले भेटन कसं आता?
याआधी कधी पाहिलं नव्हतं त्याला.
म्हटलं, बसा. चहा टाकते.